कळंकाचा खडा

१

हे सगळं कोणत्या वर्षी घडलं, याबद्दल डॉ. नीळकंठ पांढरीपांडे यांचं स्वतःशीच एकमत होत नाही. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता की मुंबई राज्यात गेला होता, यावर सारं अडतं. मूल गावच्या कचेरीवरची जुनी पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली त्यांना स्वच्छ दिसते. पण ती जाताना पाहिली की येताना, की दुसऱ्याच कुठल्या फेरीत, हे सांगता येत नाही. जन्मभर खडकांची वयं ठरवणाऱ्या माणसाला आपल्याच आयुष्यातला एक हिवाळा ठरवता येऊ नये, याची त्यांना लाज वाटते. आणि जे पाटीचं तेच बाकीच्याचं तर नसेल, ही शंका म्हातारपणी त्यांना जास्तच छळते.

हिवाळा होता, हे मात्र खरं. धानाचे भारे खळ्यावर येऊन पडले होते. विलायतेहून भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन आलेले तरुण पांढरीपांडे मूलपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने बोरमाळ्याला पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तीन बाजूंनी सागाचं जंगल, चौथ्या बाजूला तलाव, मधे गाव. गावात एकच घर कौलारू आणि ऐसपैस होतं, गुणवंतरावांचं. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, सरकारने काढून घेतली होती, तरी त्यांच्या दारावरून जाताना लोक अजून आवाज खाली करत.

गुणवंतराव छपरीत बाजेवर बसले होते. उजवा पाय लांब केलेला, गुडघ्यावर कापडी पट्टा.

"या, या डाक्टरसाहेब! आधी माहा गुडघा पाहा, मंग खड्डा पाहा."

"मी दगडांचा डॉक्टर आहे, गुणवंतराव."

"मंग तर बराबर माणूस आला! हा गुडघा दगडच होऊन राह्यला आता."

आतून त्यांच्या बायकोचं, भागीरथाबाईंचं, हसू ऐकू आलं. "गुडघाच कायले, माणूसच दगड हाय निरा. मले विचारा ना."

काम साधं होतं. गुणवंतरावांनी जंगलाच्या कडेला तांब्याच्या आशेने एक खोल खड्डा खणवला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची एक बाजू ढासळली आणि त्यात पाणी भरलं. आता त्यांना फक्त एवढं हवं होतं की खड्ड्यात काही नाही असं शिकलेल्या माणसाने सांगावं, म्हणजे तो कायमचा बुजवता येईल.

"बुजवायला माझ्या सांगण्याची काय गरज?" पांढरीपांडे यांनी विचारलं.

"लोकं बोलतेत ना," गुणवंतराव म्हणाले. "गुणवंतरावाने धन दाबलं, हे दाबलं, ते दाबलं. साहेबाने पाह्यलं म्हटलं का तोंडं बंद."

२

पट्ट्याला आतून एक छोटी थैली शिवलेली होती. तिच्यात खडा होता. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर गुणवंतरावांनी तो काढून पांढरीपांडे यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी खडा उजेडाकडे वळवला. गर्द हिरवा, त्यावर फिकट आणि काळपट हिरव्या रेषांची वलयं, एकात एक. मोराच्या पिसातल्या डोळ्यासारखी. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने किंचित खोलगट. हा मॅलाकाइट होता, तांब्याच्या पोटी जन्मणारा दगड, आणि असा घडीव तुकडा त्यांनी परदेशातल्या संग्रहालयांतही कमीच पाहिला होता.

"खड्ड्याच्या मातीत निंगाला," गुणवंतराव म्हणाले. "सुपारीएवढा होता. तांब्याचं कडं सांध्याले चांगलं म्हणतेत ना? याच्यात तांबंच हाय. म्हणून बांधला."

"सुपारीएवढा?"

खडा लहान मुलाच्या मुठीएवढा होता.

"तसंच असन काही," गुणवंतराव म्हणाले आणि विषय सोडून दिला.

भागीरथाबाई शेजारीच पट्टा उसवत बसल्या होत्या. "पाहा ना डाक्टरसाहेब, कापड कसं फसवं आलं यंदा. किती डाव उसवली न किती डाव शिवली ही थैली. धुतलं का आटते."

पांढरीपांडे यांनी कापड बोटांत धरलं. जाडंभरडं, जुनं, कितीदा धुतलेलं खादीचं कापड. त्याचं आटणं केव्हाच संपलेलं असणार. पण कापडातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्यांनी कापड परत दिलं.

तेवढ्यात मागच्या मोरीतून एक बाई आली, तिने पदराने हात पुसले आणि खडा मागून घेतला. तिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"ही गोकुळा," भागीरथाबाई म्हणाल्या. "भांडे घासते. खडाही तीच घासते रोज. चिंचेनं."

"चिंचेनं?" पांढरीपांडे दचकून उठले. "अहो, आंबट अजिबात लावू नका याला! हा दगड मऊ असतो. चिंच, लिंबू, साबण, गरम पाणी, सगळं वर्ज्य. आंबटाने तो विरघळतो, फेस येतो त्याला. मऊ कापडाने कोरडा पुसायचा, बास."

"पण कळंक कसा निंगन मंग?" गोकुळाने विचारलं.

आता त्यांच्या लक्षात आलं. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक या खड्यावर चढलाय, आणि घासत राहिलं की आतलं लाल तांबं दिसेल, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटत होतं. त्यांना हसू आलं.

"बाई, हा कळंक नाही. हा आरपार असाच आहे."

"नाई जी," गोकुळा शांतपणे म्हणाली. "कळंकच हाय. आत येगळं हाय."

तिने खडा उचलला आणि मोरीकडे गेली. थोड्या वेळाने घासण्याचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. गुणवंतरावांनी डोळे मिटून घेतले आणि दातावर दात दाबले. गुडघ्यावरचा त्यांचा हात आवळला गेला होता.

३

खड्डा गावापासून हाकेच्या अंतरावर होता. काठावर मोहाचं एक झाड, खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी. एका बाजूची माती घसरून आत गेलेली दिसत होती. काठाला लाकडी शिडीची वरची टोकं अजून टेकलेली होती, बाकी शिडी पाण्यात.

पांढरीपांडे बाहेरच्या मातीचे नमुने बांधत होते. गोकुळा मागे केव्हा येऊन उभी राहिली, ते त्यांना कळलं नाही.

"साहेब, पाणी काढून खड्डा खाली करा," ती म्हणाली. "तुम्ही म्हटलं तं करतीन."

"कशासाठी?"

"माहा मालक त्याच्यात हाय."

तिचा नवरा इस्तारी. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा, पण पोहणारा आणि बुडी मारणारा माणूस म्हणून गुणवंतरावांनी त्याला खड्ड्याच्या कामाला लावला. माती ढासळली तो दिवस वळवाच्या पावसाचा होता. गुणवंतरावांनी गावाला सांगितलं, इस्तारी सकाळीच मजुरी घेऊन सिरोंच्याकडे निघून गेला, तेलंग्यांच्या मुलखात. तिकडे त्याने दुसरी बाई केली असेल.

"मी भाकर घेऊन आलो होतो दुपारी," गोकुळा सांगत होती. तिकडच्या बायका बोलतात तशीच, 'आलो', 'गेलो'. "वरतं कोणी नव्हतं. खालून याचा आवाज आला. पाऊस होता, नीट आयकू नाई आलं. 'वाटी गेली,' म्हणे. 'गोकुळा, वाटी गेली.' मी म्हटलं, जाऊ दे ना बापा, एका वाटीसाठी कायले वरडतं? थांब, घरून दुसरी आणतो. मी वाटी आणाले गेलो. आलो तं काठच नव्हता."

हरवलेल्या वाटीसाठी ओरडणारा माणूस आणि दुसरी वाटी आणायला धावलेली बायको. पांढरीपांडे यांना ते क्षुल्लक वाटलं आणि भयंकरही.

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोणाले सांगू? ज्याले सांगाचं त्याच्याच घरी भांडे घासतो." तिने कपाळाकडे बोट नेलं. "हे ठेवू का पुसू, येवढंच सांगा मले. तेरवी नाई, पाणी नाई. लोकं हसतेत. मेल्याची म्हणून लावतं का जित्याची म्हणून लावतं, म्हणतेत."

खड्डा उपसायला सांगतो, असं त्यांनी तिला वचन दिलं. दिलं होतं ना? दिलं होतं. ते शब्द त्यांना आठवतात.

४

पांढरीपांडे यांच्याकडे नमुने तोलायचा लहान काटा होता. खडा पहिल्यांदा हातात आला त्याच दिवशी त्यांनी कुतूहलाने तो तोलला होता. चिंचेने घासून तो रोज किती झिजतो, हे गुणवंतरावांना दाखवून द्यावं म्हणून त्यांनी तो काही दिवसांनी पुन्हा तोलला.

खडा जड झाला होता.

ओला असेल, असं म्हणून त्यांनी तो उन्हात वाळवला. मग काट्यावर शंका घेतली, वजनं पुसली, पुन्हा तोललं. मग स्वतःवर शंका घेतली. मॅलाकाइटचा एक थर जमायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. आणि इथे फुगीर बाजूच्या वलयांबाहेर एक नवं वलय होतं, ओल्या पानाच्या रंगाचं, जे आधी नव्हतं. की होतं? त्यांनी आधी नीट पाहिलं होतं का?

त्या दुपारी घर झोपलं होतं. पांढरीपांडे छपरीच्या टोकाला नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मोरीतून घासण्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. मधे थांबायचा, चिंच घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. कानाला सवय झाली होती.

"साहेब, हा घ्या."

गोकुळा समोर उभी होती. हात कोरडे, तळहातावर घासून पुसलेला खडा.

आवाज चालूच होता.

"मोरीत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई जी."

मलेरियाच्या भीतीने ते रोज क्विनीन घेत होते, आणि क्विनीनने कानात आवाज होतात हे त्यांना ठाऊक होतं. पण ते आवाज गुणगुणल्यासारखे असतात. हा घासण्याचा होता, आणि त्याला दिशा होती. ते उठून मोरीत गेले. मोरी रिकामी होती. ओली फरशी, चिंचेचा चोथा, उपडी भांडी. तिथे आवाज कमी झाला होता. ते परत छपरीत आले तसा तो वाढला. बाजेपाशी आले तसा आणखी.

गुणवंतराव उताणे झोपले होते. उजव्या गुडघ्यावर धोतराचा सोगा पडलेला होता. कापड हलत नव्हतं. आवाज त्याच्या खालून येत होता.

म्हातारी हाडं वाजतात, पांढरीपांडे स्वतःला म्हणाले. सांध्यातलं वंगण आटलं की करकर होते. पण हाडं चालताना वाजतात. हा माणूस झोपला होता.

त्यांनी मागे पाहिलं. गोकुळा तशीच उभी होती. ती गुडघ्याकडे पाहत होती, चुलीवरचं दूध पाहावं तशी.

५

"खड्डा उपसायला लागेल," त्यांनी संध्याकाळी गुणवंतरावांना सांगितलं. "तळ पाहिल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही."

"काठ पडतीन, साहेब. माणसं मरतीन."

"आधी मेलं आहे का कोणी?"

गुणवंतराव बाजेवर उठून बसले. "भांडेवालीनं सांगितलं वाटते," ते म्हणाले. "येडी हाय ते. नवरा पळाल्यापासून येडी झाली. मीनं पोटाले लावलं तिले म्हणून जगते."

भागीरथाबाई दिवा लावत होत्या. "येडी तं हायच," त्या म्हणाल्या. "काल भांडे लावता लावता म्हणे, बाई, एक वाटी तुमच्याकडं निंगते. मी सगळ्या वाट्या मोजल्या. एकही इकडची तिकडं नाई. म्हटलं, कोणती वो? तं म्हणे, घासून राह्यलो, निंगनच."

गुणवंतरावांचा चेहरा बदलला. दिव्याच्या उजेडामुळे वाटलं असेल. पण त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि घाईने विचारलं, "डाक्टरसाहेब, या दगडाबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिवलं हाय? चांगला का वाईट?"

आपण ते का सांगितलं, याचा पांढरीपांडे यांना आजही उलगडा होत नाही. वातावरण सैल करायला असेल. "परदेशात हा दगड बाळाच्या पाळण्याला बांधतात," ते म्हणाले. "संकट यायचं असलं की आपोआप फुटतो आणि मालकाला सावध करतो, अशी समजूत आहे. समजूतच. तसं काही नसतं."

"माहा तं फुटला नाई," गुणवंतराव म्हणाले. हायसं वाटल्यासारखे हसले. "म्हणजे संकट नाई."

मोरीच्या दारातून गोकुळाचा आवाज आला. ती भांडी उचलायला आली होती. "ज्याचा हाय त्याले सांगन ना तो," ती म्हणाली. "तुमचा कुठी हाय?"

"काय बोलली?" गुणवंतराव ओरडले. "उद्यापासून येऊ नको! आयकलं का? उद्यापासून माह्या दारात दिसू नको!"

"खडा कोण घासन मंग?" गोकुळाने विचारलं. तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. खरंच विचारत होती.

६

ती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोरीच्या वाटेने नाही, समोरच्या दाराने. खळ्यावरची दोन-चार माणसं छपरीत मजुरीसाठी बसली होती. पांढरीपांडे यांची गाडी जुंपलेली होती. खड्डा उपसायला गुणवंतरावांनी साफ नकार दिला होता, आणि आपण मूलला जाऊन ठाण्यात सांगायचं, असं पांढरीपांडे यांनी मनाशी ठरवलं होतं.

गोकुळा बाजेसमोर उभी राहिली.

"मालक, इस्तारी कुठी हाय?"

छपरीतली माणसं बसल्या जागी ताठ झाली.

"सांगितलं ना, सिरोंच्याले!"

"कोणत्या पायानं गेला?"

गुणवंतरावांनी बाजेखालची काठी ओढली आणि मारायला उठले. उठताना त्यांनी भार उजव्या पायावर टाकला.

पाय मोडला नाही. मोडण्याचा आवाज झाला असता. तो नुसता दुमडला, ओल्या धोतरासारखा, आणि गुणवंतराव जमिनीवर बसले. पट्टा घसरून पोटरीवर आला होता, सोगा मांडीपर्यंत सरकला होता.

पांढरीपांडे त्यांना उचलायला वाकले होते. म्हणून त्यांनीच पाहिलं, इतर कोणी नाही. गुडघ्याच्या जागी कातडी आत बसली होती, रिकाम्या थैलीसारखी. जखम नव्हती, व्रण नव्हता. कातडीत हिरवट झाक होती. आणि ती हलत होती. आतून. पुढे, मागे, पुढे, मागे, मधे थांबून पुन्हा, जसा कोणी चार बोटं जुळवून एखाद्या भांड्याचा तळ घासावा.

खर्र. खर्र.

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धोतर खाली आलेलं होतं.

"थांबव त्याले," गुणवंतराव म्हणत होते. ते गोकुळाकडे नाही, स्वतःच्या पायाकडे पाहत होते. "अरे इस्तारी, थांब ना गा! जीव घ्याचा नव्हता मले. तू वरतं येऊन राह्यला होता, काम टाकून. काठावर गुडघा टेकला तुनं. मीनं वाटीवरच मारलं, लोखंडी सब्बलनं. वाटीवरच. डोक्यावर नाई मारलं!"

वाटी. गुडघ्याची वाटी. पांढरीपांडे यांना हा शब्द लहानपणापासून येत होता. खेळताना पडलं की आई विचारायची, वाटीला तर नाही ना लागलं? त्यांनी गोकुळाकडे पाहिलं. तिला आज कळत नव्हतं. तिला केव्हाच कळलं होतं; घरून दुसरी वाटी घेऊन ती काठाशी परत आली, तेव्हापासून केव्हातरी.

ती खाली बसली. पट्ट्यातून तिने खडा काढला, पदराने पुसला आणि उजेडात धरून पाहिला, घासून झालेलं भांडं बायका पाहतात तसा. मग अंगठ्याने कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदाच, सावकाश.

"वाटीले वाटी झाली," ती म्हणाली.

आवाज थांबला होता.

७

गुणवंतरावांना गाडीत घालून चांद्याला नेलं. तिथून ते परत आले नाहीत. ताप डोक्यात गेला, असं कळलं. पांढरीपांडे यांनी मूलच्या ठाण्यात सगळं सांगितलं, म्हणजे सांगता येण्याजोगं सगळं. माणसं आली, उपसायला सुरुवात झाली, आणि दुसरा काठही आत बसला. मग काम सोडून देण्यात आलं. गोकुळाने बुजलेल्या मातीवर पाणी सोडलं.

खडा तिने निघताना त्यांच्या हातात दिला. "न्या साहेब. आता नाई वाढत तो."

तो त्यांनी नागपूरच्या घरी कपाटात ठेवला. कोरडा, मऊ कापडात. कधीतरी तोलायचे. वजन तेच असायचं. मोठी झाल्यावर मुली विचारायच्या, बाबा, एवढा सुंदर दगड बाहेर का नाही ठेवत? ते कपाट बंद करायचे.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी धीर केला आणि प्रयोगशाळेत तो करवतीखाली धरला. हिरव्या थरांच्या आत हाड होतं. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने ते पाहताक्षणी ओळखलं. माणसाच्या उजव्या गुडघ्याची वाटी. पूर्ण वाढलेली, करवतीचा काप सोडला तर अखंड, कुठे चरासुद्धा नाही.

पांढरीपांडे यांना रडू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. इस्तारीची, त्यांनी ठरवलं. मातीतलं तांबं हाडावर चढतं, हाड हिरवं होतं, हे शास्त्रात बसतं. थोडं लवकर झालं, पण बसतं. वजनाचं काय, नव्या वलयाचं काय, ते आठवणीवर ढकलता येत होतं. त्यांची आठवण कच्ची होतीच.

पुढे काही वर्षांनी बोरमाळ्याच्या बाजूने रस्ता गेला. मुरूम काढताना तो जुना खड्डा उघडा पडला आणि मोहाच्या मुळांखाली एक सांगाडा मिळाला. बातमी कळताच पांढरीपांडे काठी टेकत चांद्याला गेले. चांद्याचं आता चंद्रपूर झालं होतं. तिथे त्यांच्या ओळखीवर त्यांना हाडं पाहू दिली. पांढऱ्या चादरीवर ती ओळीने मांडलेली होती. हिरवा डाग एकाही हाडावर नव्हता.

उजव्या पायापाशी ते बराच वेळ वाकून उभे होते. वाटी तिथेच होती. घावाने तिचे तीन तुकडे झाले होते, आणि तिन्ही तुकडे जागेवर होते.